सेवेचा एकूण कालावधी

पोवई नाक्यावर उतरलो तेव्हा साडेनऊच.
सैनिक कल्याण कार्यालय दहाला उघडतं
हे दादांना ठाऊक होतं,
तरी ते फाटकाशी जाऊन उभे राहिले,
पाठ ताठ, चपलांच्या टाचा जुळवून,
आणि मी मागं, फाईल छातीशी धरून
रिक्षावाल्यांकडं बघत.

खिडकीतल्या सुभेदारसाहेबांनी
मान वर न करता विचारलं, "कुणाची?"
दादा म्हणाले, "माझी, साहेब."
मग फाईल की पोरगी, कशाबद्दल बोललो
असं वाटून जरासे हसले.

डिस्चार्ज बुक. पेन्शनचा कागद. बोनाफाईड.
बारावीची मार्कलिस्ट, जिच्या झेरॉक्सवर
माझे गणिताचे मार्क पुसट आलेत.
रकाना सहा : सेवेचा एकूण कालावधी.
"सतरा वर्षं, चार महिने, अकरा दिवस."
माझी जन्मतारीख सांगताना ते अडखळतात,
हे नाही.

"अकरा दिवस कुठले?" मी हळूच.
"जास्तीचे. बर्फानं रस्ता बंद होता.
बदलीचा माणूस वर यायचा होता."

मग सहीपाशी गाडी अडली.
"पिसाळ, जुळत नाही ही. रेकॉर्डला वेगळीय."
दादांनी पेन पुन्हा धरलं,
अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट, यांच्यात,
आणि 'आनंदा' मधला 'आ' पुन्हा कलला.
रेकॉर्डातली सही दहा बोटांच्या माणसाची होती.
साहेबांनी आता कुठं वर पाहिलं,
हाताकडं, तोंडाकडं नाही.
शिक्का जोरात मारला.
टेबलावरचा चहा हिंदकळला.

कराडला पहिल्याच आठवड्यात
एकानं प्रवेशयादी मोबाईलवर मोठी करून दाखवली,
माझ्या नावापुढं कोट्याची तीन अक्षरं.
"बरंय की तुझं. आयत्या बिळावर..."
म्हण त्यानं अर्धीच सोडली,
उरलेली मी हॉस्टेलवर नेली
आणि रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला :
दोनशे आठ महिने भागिले आठ सेमिस्टर.
एका सेमिस्टरला सव्वीस महिने.
भाग पूर्ण जातो.
बाकी, अकरा दिवस.

दादा आता कोरेगावात बँकेच्या एटीएमबाहेर असतात,
रात्री दहा ते सकाळी सहा.
साडेअकराला फोन येतो, गिऱ्हाईक नसलं की.
"जेवलीस? आज काय शिकवलं?"
"थंडीत तेल घट्ट का होतं, ते."
पलीकडं खुर्ची करकरली.
"त्यात काय शिकवायचं? डिझेल पार तुपासारखं.
पहाटे तीनला ट्रकच्या पोटाखाली स्टोव्ह लावायचो.
हातमोज्यानं काडी ओढता येत नाही,
मग काढायचा मोजा.
वारं असलं की चार-चार काड्या."
मग कुणीतरी पैसे काढायला आलं.
"ठेवतो," म्हणाले.

परीक्षेत तोच प्रश्न. सहा गुण.
मी सूत्र लिहिलं, आलेख काढला,
रेषा कशी डावीकडं एकदम वर चढते ते.
पोटाखालचा स्टोव्ह लिहिला नाही.
साडेपाच मिळाले.

दादांना सांगितलं तर म्हणाले,
"अर्धा कशाला कापला?"
आणि खरंच चिडले, फोनवर,
मास्तरांना भेटायला येतो म्हणाले.

यंदा तिसरं वर्ष. सात महिन्यांपूर्वी
वही भरली, नवी घेतली,
मागचं पान मात्र फाडून ठेवलंय.
पाच सेमिस्टर खोडून झालीत त्यावर.
ते अकरा दिवस
मी अजून कशाला लावलेले नाहीत.